‘घरात कोणी पुरुष माणूस नाही का?’

अंकाच्या तयारीच्या बैठकीत मी हा विषय मांडला तेव्हा एक मैत्रीण हसून म्हणाली, ‘आता आपण इस्टेट एजंटांवरही लिहायचं का?’ तिच्या प्रश्नात खोच होती आणि ती चुकीची नव्हती. आपल्या केंद्रात येणाऱ्या किती जणींच्या डोक्यावर हक्काचे छप्पर असते? ज्यांना राहायलाच घर नाही त्यांचा प्रश्न सोडून, ज्यांच्याकडे विकायला घर आहे त्यांची गाऱ्हाणी आपण कशाला मांडायची, असे तिला म्हणायचे होते. मी तेव्हा उत्तर दिले नाही. हे संपादकीय म्हणजे ते उत्तर.

त्यासाठी आधी माझ्या घरातली हकीकत सांगावी लागेल.

माझी आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. १९९१ साली तिने शिक्षकांच्या पतपेढीतून कर्ज काढले आणि डोंबिवलीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचे घर घेतले. हप्ते तिच्या पगारातून कापले जायचे. करारनाम्यावर मात्र पहिले नाव वडिलांचे आणि दुसरे तिचे होते. कोणी तसे मुद्दाम ठरवले नव्हते. ‘पद्धत आहे’ म्हणून झाले. वडील गेले तेव्हा त्यांच्या अर्ध्या हिश्शात आई, भाऊ आणि मी असे तिघे वारस झालो. भावाने आणि मी आईच्या नावे हक्कसोडपत्र करून दिले आणि त्याची नोंदणी केली. हक्कसोडपत्र म्हटले की बहिणीने भावासाठी केलेली सही, अशीच आपल्याला सवय. निबंधक कार्यालयातल्या लिपिकानेही दोनदा विचारले, ‘मुलगापण सोडतोय?’ मुलगापण सोडत होता. आई कागदोपत्री संपूर्ण घराची एकटी मालकीण झाली.

इमारतीला उद्वाहन नाही. आईचे गुडघे जिना चढू देईनात. घर विकावे आणि माझ्या जवळपास तळमजल्यावर स्वतःचेच लहानसे घर घ्यावे, असे तिने ठरवले. ‘तुझ्याकडे राहायला येणार नाही, तुझ्या शेजारी राहायला येईन,’ हे तिचे शब्द. जून २०२४ मध्ये ओळखीतून एक एजंट आला. त्याने पाणी घेतले, खोलीभर नजर फिरवली आणि विचारले, ‘घरात कोणी पुरुष माणूस नाही का? व्यवहाराचं बोलायचं होतं.’

आई म्हणाली, ‘मुलगा बंगळूरला असतो.’

आणि मी काय केले? समाजकार्यात पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या, गावोगाव ‘स्त्रिया आणि मालमत्ता हक्क’ या विषयावर शिबिरे घेणाऱ्या मी भावाचा फोन नंबर लिहून दिला. कोणी जबरदस्ती केली नव्हती. त्या क्षणी ते इतके साहजिक वाटले की आपण काय करतो आहोत हे मला रात्री, भांडी आवरताना कळले. पुढे जे घडले त्याला वाट मी करून दिली होती, हे आधीच कबूल करते.

पहिल्याच भेटीत मी विचारले की दलाली किती, काम काय, किती दिवसांत, हे एका कागदावर लिहून द्याल का? तो दुखावल्यासारखा हसला. ‘ताई, आपल्यात कागद कशाला? मावशी मला आईसारख्या.’ नंतर माझ्या लक्षात आले की त्याने आईला मावशी केले, मला ताई केले, पण फोनवर भावाशी बोलताना तो ‘साहेब’ म्हणत होता. बायकांना नाते मिळाले आणि पुरुषाला पद. नात्याचा शब्द एकदा तोंडून निघाला की कागद मागणारी बाई संशयी ठरते, उद्धट ठरते. साहेबांशी मात्र हिशेबानेच बोलायचे असते. दलाली, भाव आणि मुदत या सगळ्यांची चर्चा बंगळूरला होत होती. ज्याने घरावरचा हक्क सोडला त्याच्याशी सगळे बोलणे, आणि जिचे घर तिने चहा करायचा.

‘झेरॉक्स काढून आणतो’ म्हणून त्याने मूळ करारनामा आणि सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट नेले. पाच आठवडे ते परत आले नाही. घर दाखवायला तो कधीही माणसे आणायचा. आई दुपारी आडवी झालेली असताना, सकाळी अंघोळीला गेलेली असताना, आणि एकदा रात्री साडेनऊला तीन पुरुष घेऊन. फोन करून या, असे आईने सांगितले की म्हणायचा, ‘मावशी, गिऱ्हाईक वेळ बघून येत नाही.’ शेजारच्या किल्लीसाठीही त्याने हट्ट धरला. ती मात्र आईने दिली नाही. ‘सोसायटीच्या ना हरकत दाखल्यासाठी कमिटीला साठ हजार द्यावे लागतील, ते मी बघतो,’ हेही त्याने मध्येच सांगून ठेवले.

आणि मग एका संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या मुलाने अवघडत आपला मोबाइल आईपुढे धरला. घरे विकणाऱ्यांच्या कुठल्याशा व्हॉट्सअॅप गटावर आमच्या घराचे फोटो फिरत होते. आईचा पलंग, उशाशी औषधांचा डबा, दोरीवरचे कपडे. खाली इमारतीचे नाव, मजला आणि मजकूर : ‘विधवा मालकीण, एकटीच राहते, गरजू, तातडीने विकणे, भाव कमी होईल.’

आईने तो मजकूर दोनदा वाचला. चाळीस वर्षे वह्या तपासलेल्या बाईने आधी शुद्धलेखनाची चूक दाखवली. नंतर म्हणाली, ‘गरजू मी कधी झाले ग?’ त्या रात्री तिने दाराला आतून कडी, साखळी आणि वर खुर्ची लावली. एकट्या बाईचा पत्ता त्याने किती अनोळखी माणसांच्या हातात दिला होता हे आम्हाला आजही माहीत नाही. एरवी आपण ज्याला बाईची सुरक्षितता म्हणतो त्याची किंमत त्या माणसाच्या लेखी शून्य होती, कारण ‘एकटी’ आणि ‘गरजू’ हे त्याच्या धंद्यात भाव पाडायचे शब्द होते.

भाव कसा पाडला जात होता तेही लवकरच कळले. आईला तो सांगत होता, ‘जुनं बांधकाम, लिफ्ट नाही, सत्तावीस लाखांच्या वर कोणी बोलत नाही.’ घर बघून गेलेल्यांत एक परिचारिका होत्या. बहिणीसोबत राहणाऱ्या, सरकारी रुग्णालयात पाळ्या करणाऱ्या. एका सकाळी रात्रपाळी संपवून त्या एकट्याच आल्या. ऊन कुठून येते आणि पाणी किती वाजता येते, एवढेच त्यांना बघायचे होते. आईने त्यांना बसवले. चहा झाला. बोलता बोलता त्या म्हणाल्या, ‘घर आवडलंय, पण बत्तीस लाख आमच्या आवाक्याबाहेर जातात हो.’

आईच्या हातातली बशी हातातच राहिली. पुढचा अर्धा तास दोघी एकमेकींना आपापली बाजू सांगत होत्या. परिचारिकाबाईंना सांगितले होते, ‘मालकीणबाई जरा विक्षिप्त आहेत, त्यांच्याशी थेट बोलू नका, सगळं मुलगा बघतो.’ आईला सांगितले होते, ‘त्या बाईंचं काही खरं नाही, नवरा नाही, कर्ज मिळायचं नाही.’ परिचारिकाबाईंकडून त्याने पन्नास हजार रुपये टोकन म्हणून रोख घेतले होते आणि पावती म्हणून स्वतःच्या व्हिजिटिंग कार्डाच्या मागे आकडा लिहून सही केली होती. त्या पैशांचा आईला पत्ताच नव्हता. सत्तावीस आणि बत्तीस यांच्यामधले पाच लाख आणि हे पन्नास हजार एकाच गोष्टीवर उभे होते : या दोन बायका कधी समोरासमोर बसणार नाहीत.

मैत्रिणींनो, मला या हकीकतीतली ही जागा सर्वांत महत्त्वाची वाटते. मध्यस्थ असणे वाईट नाही. विकणारा आणि घेणारा यांना भेटवणे हे कष्टाचे काम आहे आणि त्याचा मोबदला मिळालाच पाहिजे. पण भेटवण्याऐवजी भेटू न देणे हाच धंदा झाला की त्याला अडाणी, घाबरलेली, घराबाहेर न पडणारी बाई हवी असते. आणि ती तशी नसली तर तिला तशी ठरवावे लागते : विक्षिप्त, गरजू, नवरा नसलेली.

त्या रात्री मी भावाला फोन केला. तो म्हणाला, ‘मला वाटलं तुम्हा दोघींना त्रास नको, म्हणून मी बोलत होतो.’ तो खरेच तसे मानत होता. दुसऱ्या दिवशी एजंटाचा त्याला फोन आला, ‘साहेब, मावशी ऐकत नाहीत, तुम्ही जरा समजवा.’ या वेळी भावाने उत्तर दिले, ‘घर आईचं आहे. तिच्याशी बोला.’ एवढे वाक्य जूनमध्येच म्हणायला हवे होते, त्यानेही आणि मीही.

आईने फळ्यावर लिहायच्या तिच्या सुवाच्य अक्षरात पत्र लिहिले. ‘आपणास दिलेले काम मी आजपासून काढून घेत आहे. माझी मूळ कागदपत्रे सात दिवसांत परत करावीत. माझ्या घराच्या नावाने कोणाकडून किती रक्कम घेतली याचा हिशेब द्यावा. माझ्या घराची छायाचित्रे सर्व ठिकाणांहून काढावीत.’ पत्र पोचपावतीसह पाठवले. आठव्या दिवशी आई, परिचारिकाबाई, सोसायटीतल्या दोघी आणि संघटनेच्या आम्ही तिघी त्याच्या दुकानात जाऊन बसलो. घोषणा नाहीत, आरडाओरडा नाही. आम्ही फक्त बसलो. त्याने चहा मागवला, तो कोणी घेतला नाही. पाऊण तासाने टेबलाचा खालचा खण उघडला आणि करारनामा आणि सर्टिफिकेट बाहेर आले. त्यापूर्वी ती ‘वकिलाकडे’ होती.

शेवट गोड झाला असे म्हणता येणार नाही. कागद अडकल्यामुळे परिचारिकाबाईंच्या कर्जाचे प्रकरण लांबले आणि त्यांना हे घर सोडावे लागले. त्यांनी पुढे दुसरीकडे घर घेतले. पन्नासातले तीस हजार परत मिळाले. उरलेल्या वीस हजारांसाठी त्यांनी ग्राहक आयोगाकडे तक्रार केली आहे. आमचे घर जानेवारी २०२५ मध्ये दुसऱ्या एका एजंटामार्फत एकतीस लाखांना गेले. या दुसऱ्या माणसाने पहिल्याच दिवशी आपले काम आणि दलाली लिहून दिली, प्रत्येक गिऱ्हाईक आईला विचारून आणले आणि नोंदणी झाल्यावर धनादेशाने पैसे घेतले. म्हणजे असे वागता येते. तेव्हा पहिल्याचे वागणे हा धंद्याचा नाइलाज नव्हता.

आता मूळ प्रश्नाकडे येते.

आपल्या चळवळीने मालमत्तेच्या प्रश्नावर मोठे काम केले आहे. महाराष्ट्राने १९९४ साली महिला धोरण आणले. त्याच वर्षी हिंदू वारसा कायद्यात राज्याने दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत जन्मतः हक्क दिला. २००५ साली ती तरतूद साऱ्या देशासाठी झाली आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, ९ सप्टेंबर २००५ या दिवशी वडील हयात नसले तरी मुलीचा हा हक्क जात नाही. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत अनेक गावांनी जमिनीच्या उताऱ्यावर बायकोचे नाव चढवले. बाईच्या नावे घर घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत २०२१ पासून मिळते. सुरुवातीला तिला पंधरा वर्षे पुरुषाला घर विकता येणार नाही अशी अट होती, ती २०२३ साली काढली गेली. आज एजंट स्वतःच सांगतात, ‘वहिनींच्या नावावर घ्या, स्वस्त पडेल.’

म्हणजे घर घेताना बाईचे नाव लागू लागले. पण नाव लागणे आणि आवाज लागणे यांत अंतर आहे, आणि ते घर विकताना दिसते. विकताना किंमत ठरते, पैसा हातात येतो, पुढचे आयुष्य कुठे आणि कसे काढायचे याचा निर्णय होतो. त्याच क्षणी ‘पुरुष माणूस’ शोधला जातो. त्या वेळी बाई सहीपुरती उरते. नाव चढवण्याची शिबिरे आपण घेतली, पण मालकिणीने व्यवहार कसा करावा हे आपण शिकवले नाही, कारण आपणही ते शिकलो नव्हतो.

घर विकायची वेळ बहुतेक बायकांवर कधी येते ते आठवा. नवरा गेल्यावर. घटस्फोटानंतर वाटणी करताना. आजारपणात. म्हातारपणी. म्हणजे अंगात त्राण कमी आणि घाई जास्त असताना. आणि याची दुसरी, अधिक काळी बाजूही आपण केंद्रात बघतो. बायको माहेरी गेलेली असताना नवरा परस्पर घराचा सौदा करतो आणि एजंट ‘मालक तयार आहेत ना’ म्हणून गिऱ्हाईक आणतो. घरात नांदणारी बाई आहे का, हे तो विचारत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १९ खाली अशा सामायिक घराची विक्री रोखण्याचा आदेश न्यायदंडाधिकारी देऊ शकतात. सौदा पुरा होण्याआधी अर्ज गेला तरच त्याचा उपयोग, हे आपल्या प्रत्येक कार्यकर्तीने लक्षात ठेवावे.

माझ्या हसणाऱ्या मैत्रिणीला माझे हे पहिले उत्तर. आणि दुसरे असे की, हा प्रश्न फ्लॅटपुरता नाही. वस्तीतली खोली स्टँपपेपरवर हातोहात विकली जाते, गावठाणातले पडके घर जावेच्या मुलाने परस्पर दाखवलेले असते, चाळीतल्या पागडीच्या खोलीचा सौदा नाक्यावर होतो. या प्रत्येक ठिकाणी एक मध्यस्थ आहे आणि तो पुरुष माणसाशीच बोलतो. कागद जितका कच्चा, तितका त्याचा शब्द पक्का.

कायदा काय म्हणतो? स्थावर संपदा कायदा २०१६ साली झाला आणि महाराष्ट्रात मे २०१७ पासून ‘महारेरा’ काम करू लागले. या कायद्याने एजंटांना नोंदणी सक्तीची केली, हिशेब ठेवायला लावला, फसव्या माहितीला मनाई केली. महारेराने २०२३ साली एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही आवश्यक केली. हे सगळे चांगलेच आहे. पण ही नोंदणी बांधली आहे ती महारेराकडे नोंदलेल्या प्रकल्पांतल्या घरांच्या व्यवहाराशी. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची इमारत, चाळ, गावातले घर यांच्या फेरविक्रीत मध्यस्थी करणारा माणूस त्या चौकटीत येत नाही. नेमकी हीच घरे विधवा, एकट्या आणि म्हाताऱ्या बायका विकत असतात. ज्यांना संरक्षण सर्वांत जास्त हवे त्यांच्या दारात येऊन कायदा थांबतो.

तरीही आपण अगदीच निःशस्त्र नाही. १८७२ चा करार कायदा जुना आहे, पण एजंटाबाबत तो स्पष्ट बोलतो. मागणी केल्यावर एजंटाने मालकाला हिशेब दिलाच पाहिजे, हे कलम २१३. मालकाला न कळवता त्या कामात स्वतःच्या खात्यावर व्यवहार करून त्याने कमावलेला फायदा मालक मागू शकतो, हे कलम २१६. आणि ज्या कामात त्याने गैरवर्तन केले त्याच्या मोबदल्यावर त्याचा हक्क राहत नाही, हे कलम २२०. आईचे पत्र या तीन कलमांवर उभे होते, जरी तिने एकही कलम लिहिले नाही. पैसे घेऊन दिलेली सेवा सदोष असेल तर ग्राहक आयोगाकडे जाता येते. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही आणि वकील लावण्याची सक्तीही नाही.

आमच्या ठेचांमधून शिकलेल्या काही गोष्टी इथे लिहिते. गटाच्या बैठकीत वाचून दाखवा, भिंतीवर लावा.

१. एजंटाला काम देताना एक पान लिहून घ्या : काम कोणते, दलाली किती आणि कधी द्यायची, मुदत किती, तो समोरच्या पक्षाकडूनही दलाली घेणार आहे का. दलालीचा दर कायद्याने ठरलेला नाही, तो बोलून ठरतो. लिहून द्यायला जो रागावतो त्याला काम देऊ नका.

२. मूळ कागद हातचे सोडू नका. झेरॉक्स आपण स्वतः काढून द्याव्यात आणि त्यावर ‘फक्त पाहण्यासाठी’ असे लिहून तारीख टाकावी. मूळ कागद गिऱ्हाइकाच्या वकिलाने किंवा बँकेने आपल्यासमोर बघावेत.

३. भाव स्वतः शोधा. सरकारचा वार्षिक बाजारमूल्य दर तक्ता, ज्याला आपण रेडी रेकनर म्हणतो, नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर बघता येतो. आपल्याच इमारतीतले घर कितीला विकले गेले हे सूची क्रमांक दोनवरून, म्हणजे इंडेक्स टूवरून कळते. संगणक येत नसेल तर गटातल्या मुलीला बसवा.

४. सोसायटीच्या नावाने कोणी हजारोंच्या थैल्या मागितल्या तर विचारा. घर हस्तांतराच्या अधिमूल्यावर राज्य सरकारने २००१ साली कमाल २५,००० रुपयांची मर्यादा घातली आहे. जे द्यायचे ते सोसायटीच्या नावे धनादेशाने द्या आणि पावती घ्या.

५. टोकन मालकिणीच्या खात्यात यावे, एजंटाच्या खिशात नव्हे. घरविक्रीपोटी वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोख घ्यायला २०१५ पासून मनाई आहे आणि घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. ‘थोडे काळे, थोडे पांढरे’ म्हणणाऱ्याला लक्षात आणून द्या की उद्या काळ्याची तक्रार कुठेच करता येणार नाही, आणि बुडणारी बाई असेल.

६. घर दाखवण्याची वेळ आपण ठरवावी, आणि त्या वेळी घरात दुसरे कोणी असावे. फोटो आपल्या परवानगीशिवाय नकोत. जाहिरातीत मालकिणीचे वैवाहिक स्थान, वय, एकटेपण येता कामा नये.

७. कुलमुखत्यारपत्र देण्याआधी वकील बाईला भेटा. ‘सारखे यायचा त्रास नको’ म्हणून केलेली ती सही म्हणजे आपली जीभ कापून दुसऱ्याच्या हातात देणे आहे.

८. आणि गिऱ्हाइकाला एकदा तरी थेट भेटा. शक्य तर चहाला बोलवा.

या झाल्या एकेकटीने करायच्या गोष्टी. एकेकटीवर सोडून चालणार नाही म्हणूनच आपण संघटना केली आहे. आपल्या मागण्या अशा असाव्यात असे मला वाटते : जुन्या घरांच्या फेरविक्रीत मध्यस्थी करणाऱ्यांनाही नोंदणी सक्तीची करावी. एजंट आणि मालक यांच्यातल्या लेखी कराराचा एक साधा, मराठीतला नमुना सरकारने काढावा. आणि एजंटांच्या प्रशिक्षणात मालकीण हीच पक्षकार आहे, तिच्याशीच बोलायचे, हा धडा असावा. शेवटची मागणी हास्यास्पद वाटेल. पण ती लिहावी लागते हेच पुरेसे बोलके आहे.

आणि एक मागणी आपली आपल्याकडेच. त्या दिवशी ‘पुरुष माणूस नाही का?’ असे विचारणाऱ्या माणसाला मी एक नंबर दिला. तो प्रश्न त्याने विचारला, पण त्याचे उत्तर माझ्या हाताने दिले. आपापल्या घरात, बँकेच्या खिडकीशी, वकिलाच्या खुर्चीसमोर, दवाखान्याच्या कागदावर असे कितीतरी नंबर आपण देत असतो. ते देणे थांबले पाहिजे.

आई आता माझ्यापासून दोन गल्ल्या पलीकडे तळमजल्यावर राहते. घर घेताना तिथल्या एजंटानेही सवयीने विचारले, ‘साहेब कोणी येणार आहेत का बोलायला?’ आईने चष्मा पुसला आणि म्हणाली, ‘घर मी घेतेय. बोला.’

पुढच्या अंकासाठी तुमचे अनुभव लिहून पाठवा. घर विकतानाचे, घेतानाचे, खोली सोडतानाचे. लिहिता येत नसेल तर गटातल्या मैत्रिणीला सांगा, ती लिहील. नाव छापायचे नसेल तर तसे कळवा. ज्यांनी लेखी करार करून घेतला असेल त्यांनी त्याची एक प्रतही जोडावी. सगळ्यांच्या प्रती एकत्र करून आपणच एक नमुना तयार करू.